हिवाळ्यात लेहला जाताना

जबलपूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या नणंदबाई नोकरीनिमित्त लेह येथे राहतात. मायलेकींची भेट होऊन दोन वर्षे लोटली. यंदा संक्रांतीच्या सुमारास सासूबाई, यजमान, १० वर्षांचा मुलगा आणि त्या स्वतः असे चौघांनी लेहला जावे, असा बेत घरात चालला आहे. सासूबाईंचे वय ६८. सारा जन्म नर्मदाकाठी गेलेला. त्या भगिनी विचारतात, "प्रत्येकासाठी एकेक जाड कोट घ्यावयाचे ठरविले आहे. तो किती जाड असावा? आणि सासूबाईंना बरोबर नेणे योग्य होईल काय?"

पहिला प्रश्न पैशाचा आहे, दुसरा जिवाचा. दुसऱ्याचे उत्तर शेवटी देऊ, कारण पहिला नीट उलगडल्यावाचून ते पटावयाचे नाही. पहिल्याचे उत्तर मात्र आताच सांगून टाकतो : कोटाच्या जाडीवर फार विसंबू नये. ऊब कोटात नसते. ती आपल्याच शरीरात अन्नापासून आणि हालचालीपासून उत्पन्न होते. वस्त्र तिला केवळ राखून ठेवते. थंडगार दगडाला उत्तम लोकरीचा कोट चढविला, तरी दगड काही उबदार होत नाही. उलट उन्हाळ्यात बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणतात, ती तशीच गार राहते. आवरणाला ना ऊब ठाऊक, ना गारवा. उष्णतेची ये-जा रोखणे एवढेच त्याचे काम. ही एक गोष्ट ध्यानात आली की काय घ्यावे, काय घेऊ नये, याचा निम्मा उलगडा आपोआप होतो.

तेथील थंडी कशी असते?

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. जानेवारीत तेथे रात्री पारा शून्याखाली १५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणे, ही नित्याची गोष्ट होय. कधी तो २० अंशांच्याही खाली उतरतो. आपल्याकडे ज्या रात्री शेकोट्या पेटतात, त्या रात्रीहून ही थंडी निराळ्याच जातीची असते.

दुसरे वैशिष्ट्य असे की, लडाख हा थंड असूनही कोरडा प्रदेश आहे. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी तेथे अगदी थोडे पाणी पडते. हवा विरळ आणि निरभ्र असल्याने दिवसाचे ऊन चांगलेच प्रखर असते. उन्हात उभे राहिले तर कोट काढून ठेवावासा वाटतो आणि दहा पावले चालून भिंतीच्या सावलीत गेले की दात वाजू लागतात. म्हणूनच घालण्या-काढण्यास सोयीची अशी अनेक वस्त्रे तेथे उपयोगी पडतात. एकच एक जाड कोट तेथे उन्हात घाम आणतो आणि सावलीत अपुरा पडतो.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. शरीराभोवती तापलेल्या हवेचे एक पातळ वेष्टन सतत तयार होत असते. वारा ते उडवून नेतो. तापमान शून्याखाली १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला, तर उघड्या कातडीला ती थंडी शून्याखाली सुमारे २० अंशांइतकी जाणवते. तेव्हा निघण्यापूर्वी केवळ तापमानाचा आकडा पाहून चालत नाही; वाऱ्याचीही चौकशी करावी.

गोधडीचे शास्त्र

आमच्या वाचक भगिनींच्या सासूबाईंना या विषयातील मुख्य सिद्धान्त आमच्याहून आधी ठाऊक असला पाहिजे, कारण त्यांनी जन्मात निदान दोन-चार गोधड्या तरी शिवल्या असतील. जुनी, विरलेली लुगडी एकावर एक पसरून बारीक टाक्यांनी जोडली की गोधडी होते. त्यातील एकेक लुगडे घेतले तर त्यात ऊब ती काय असणार! परंतु थरांच्या मधोमध हवा अडकून राहते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक असते. गोधडीची ऊब ती या अडकलेल्या हवेची. तीच गोधडी वर्षानुवर्षांच्या वापराने दबून चपटी झाली की तिच्यात पूर्वीची ऊब राहत नाही. आणि भिजली, तर अंगावर घेववत नाही. कारण पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते.

थंड प्रदेशातील पेहरावाचे तीनही नियम या गोधडीत सामावलेले आहेत. वस्त्रे थराथरांची असावीत; ती सैल असावीत, म्हणजे मधली हवा दबणार नाही; आणि ती कोरडी राहावीत.

तीन थर, तीन कामे

अंगालगतच्या थराचे काम घाम टिपून बाहेर सोडण्याचे. येथेच आपल्याकडील बहुतेक प्रवासी चुकतात. गंजीफ्रॉक, सदरा, परकर ही आपली नित्याची वस्त्रे सुती असतात. सूत घाम शोषून घेते, परंतु लवकर सोडीत नाही; ओले सूत अंगाला चिकटून बसते आणि थंडीत शरीराची उष्णता ओढून घेत राहते. म्हणून अंगालगत तलम लोकरीचे, रेशमाचे किंवा कृत्रिम धाग्याचे वस्त्र घालावे. बाजारात 'थर्मल' या नावाने जे लांब बाह्यांचे अंगवस्त्र व पायजमा मिळतो, तो याच कामासाठी असतो. घेताना एवढेच पाहावे की त्यात सूत नसावे, किंवा फारच थोडे असावे. तो अंगाबरोबर बसणारा असावा, परंतु आवळणारा नसावा.

मधल्या थराचे काम ऊब साठविण्याचे. येथे लोकरीचे स्वेटर, लोकरी बंडी, किंवा पिसे वा कृत्रिम कापूस भरलेले हलके जाकीट घालावे. लोकरीचा धागा मुळात कुरळा असल्याने त्यात हवा पुष्कळ अडकते. तिचा आणखी एक गुण असा की, स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. पिसांचे जाकीट वजनाला हलके आणि उबेला श्रेष्ठ. पण भिजले की पिसे गोळा होऊन निरुपयोगी ठरतात. एका जाड स्वेटरापेक्षा दोन पातळ स्वेटर बरे. एक काढता येते, दुसरे राहते.

बाहेरच्या थराचे काम वारा आणि बर्फ अडविण्याचे. हा कोट जाड असण्यापेक्षा घट्ट विणीचा, वारा न शिरणारा, टोपी जोडलेला आणि मांड्यांपर्यंत लांब असावा. खरेदीस जाताना आतील स्वेटरे अंगात घालूनच तो चढवून पाहावा आणि दोन्ही हात डोक्यावर उंच करावेत. काखेत किंवा पाठीवर ताण पडला, तर एक माप मोठा घ्यावा. अंगाला चपखल बसणारा कोट आरशात शोभतो. पण आतील स्वेटरांतील हवा तो दाबून टाकतो.

हे तीनही थर पायांनाही हवेत, याचा विसर पडू नये. वर तीन स्वेटरे आणि खाली एक पातळ विजार, असा पेहराव केलेले प्रवासी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. थर्मल पायजमा, त्यावर लोकरी विजार, आणि वारा असेल तेव्हा बाहेरची जाड विजार, अशी योजना असावी.

एक नियम मात्र अक्षरशः पाळावा : घाम येण्यापूर्वीच एक थर उतरवावा, आणि थंडी वाजण्यापूर्वीच तो पुन्हा चढवावा. चढ चढताना घाम आला आणि वर जाऊन वाऱ्यात उभे राहिले, म्हणजे कितीही भारी कोट असला तरी आतून गारठा सुरू होतो. बाहेर पडताना पहिली पाच मिनिटे किंचित गार वाटले, तर कपडे बेताचे झाले असे समजावे. चालू लागताच ऊब येते.

पाय, हात आणि मस्तक

थंडी वाढली की शरीर हृदय, फुप्फुसे आदी अवयवांचे आधी रक्षण करते आणि हातापायांकडील रक्तप्रवाह आखडता घेते. त्यामुळे बोटे, कान आणि नाक यांना प्रथम धोका पोहोचतो.

पायांच्या बाबतीत स्वतःची एक फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्यांदा फेब्रुवारीत आम्ही लेहला गेलो, तेव्हा आपल्या मापाच्या बुटांत मोज्यांचे दोन जोड कोंबून मोठ्या विश्वासाने बाहेर पडलो. तासाभरात बोटे बधिर झाली. आम्हांला वाटले, मोजे कमी पडले. म्हणून दुसऱ्या दिवशी तिसरा जोड चढविला, आणि बोटे अर्ध्या तासातच बधिर झाली! ज्या घरी उतरलो होतो, तेथील गृहिणीने ते बूट हातात घेऊन दाबून पाहिले, काही न बोलता हसल्या, आणि घरातील दोन अंकांनी मोठे बूट आमच्यापुढे ठेवले. त्यांत एकच जाड लोकरी मोजा आणि बोटे मोकळी हलतील एवढी जागा. त्या दिवशी सायंकाळपर्यंत पाय उबदार राहिले. घट्ट बुटाने रक्त अडते, मोज्यातील हवा दबते. मग मोजे जितके अधिक, तितकी थंडी अधिक, असा उलटा प्रकार होतो.

तेव्हा बूट एक माप मोठे, घोट्याच्या वर येणारे आणि जाड, खाचांच्या तळव्याचे असावेत. तळव्याखाली लोकरी नमद्याचा तुकडा घातल्यास जमिनीतून चढणारा गारवा अडतो. दुपारी मोजे बदलावेत, आणि रात्री झोपताना दिवसाचे मोजे पायांत ठेवू नयेत; निजण्यासाठी कोरडा जोड निराळा राखावा.

हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा, चार बोटे एकत्र राहतील असा पिशवीवजा मोजा अधिक उबदार होतो. बोटे एकमेकांना ऊब देतात. आत पातळ बोटांचा मोजा आणि वर हा पिशवीमोजा, अशी जोडी उत्तम. पैसे मोजताना किंवा छायाचित्र घेताना वरचा मोजा काढला तरी हात उघडा पडत नाही. लहान मुलाचे हातमोजे दोरीने जोडून ती दोरी बाह्यांतून ओवून घ्यावी, म्हणजे ते हरवत नाहीत.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते, असा एक समज पुष्कळ वर्षे चालत आला आहे. तो खरा नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे एक-दशांश असते आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात तेथून जाते. परंतु बाकीचे अंग झाकलेले असताना उघडे डोके मोठी गळती करते, आणि कान तर फार लवकर गारठतात. तेव्हा आपली साधी लोकरी कानटोपी तेथे पूर्ण उपयोगी आहे. गळ्याभोवती मफलर असावा. तो नाकापर्यंत ओढून घेतला की श्वासात जाणारी हवाही किंचित तापते.

डोळ्यांना गडद चष्मा अवश्य हवा. ताज्या बर्फावरून सूर्याचे अतिनील किरण बहुतांशी परावर्तित होतात आणि उंचीवर त्यांची तीव्रता मुळातच अधिक असते. चष्म्यावाचून दिवसभर बर्फात फिरणाऱ्याचे डोळे सायंकाळी वाळू गेल्यासारखे खुपू लागतात, पाणी गळते, काही काळ दिसेनासेही होते. ओठांना व चेहऱ्याला मलम लावावे. खोबरेल तेलाची बाटली नेण्यात अर्थ नाही. ती तेथे दगडासारखी घट्ट होऊन बसेल.

तेथील लोक काय घालतात?

कोणत्याही प्रदेशात गेलो असता, तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडे आधी पाहावे. लडाखी माणसाचा 'गोंचा' हा पायघोळ लोकरी अंगरखा 'नांबू' नावाच्या जाड लोकरी कापडाचा असतो. तो सैल असतो, आत आणखी वस्त्रे घालण्यास जागा ठेवतो, आणि कमरेला 'स्केरग' नावाच्या पट्ट्याने बांधला जातो. हा पट्टा केवळ शोभेचा नव्हे. अंगाशी तापलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते आणि तिच्या जागी खालून गार हवा शिरते. पट्टा तिची ही वाट अडवितो. आपणही कोटाला कमरेशी पट्टा बांधला, तर तोच लाभ मिळेल.

चांगथांगच्या पठारावरील शेळ्यांच्या अंगी हिवाळ्यात जी अतितलम लोकर येते, तीच सुप्रसिद्ध पश्मिना. तिचा धागा साधारण १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या कितीतरी पट बारीक. वसंत ऋतूत ती विंचरून काढतात. शेळीच्या अंगावर मात्र तिच्यावर राठ केसांचे दुसरे आवरण असते : आत मऊ लोकर, वर वारा अडविणारे केस. थरांची युक्ती निसर्गानेही योजिली आहे ती अशी.

दूरदेशीचेही एक उदाहरण द्यावेसे वाटते. नॉर्वेचा संशोधक रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०६ या काळात उत्तर ध्रुवप्रदेशात होता. तेथील नेत्सिलिक लोकांची सैल, हवा खेळती ठेवणारी चर्मवस्त्रे त्याने पाहिली, वापरली आणि त्यांतून धडा घेतला. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणारे पथक त्याचेच. शहाणा प्रवासी स्थानिक माणसाकडून शिकण्यात कमीपणा मानीत नाही.

सासूबाई आणि चिरंजीव

सासूबाईंनी आजवर लुगड्यावाचून दुसरे वस्त्र नेसले नसेल, हे आम्ही जाणतो. या वयात त्यांना कोणी रागावून विजार घालावयास सांगू नये. घरात त्यांनी लुगडेच नेसावे. आतून मात्र लोकरी पायजमा आणि गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे असावेत, आणि सुती परकराला रजा द्यावी. बाहेर पडताना खरी अडचण येते ती घोळाची. सुती लुगड्याचा काठ बर्फात भिजतो, गोठून ताठ होतो, पायांत येतो. आणि घसरून पडणे हे वृद्ध हाडांना थंडीइतकेच घातक. तेवढ्या वेळेपुरती सैल लोकरी विजार व वर पायघोळ कोट घालावा. नणंदबाईंनी शेजारणीकडून एखादा गोंचा मागून आणला, तर आमची खात्री आहे की सासूबाई तो हौसेने घालतील. तो विजारीसारखा परका वाटत नाही, आणि त्यात संकोचही नाही.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. वयोमानाने थंडीची जाणीव मंदावते आणि कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शक्तीही घटते. त्यामुळे "मला काही थंडी वाजत नाही" या त्यांच्या शब्दावर विसंबू नये. हात आणि पोट स्पर्शाने पाहावे. मुलाचे याच्या उलट. तो खेळेल, घामाघूम होईल, मोजे ओले करील आणि सांगणार नाही. लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर गारठते. दर अर्ध्या तासाने त्याचे मोजे तपासावेत आणि कपड्यांचा एक पुरा कोरडा संच पिशवीत ठेवावा.

पोटातील ऊब

ऊब शरीर निर्माण करते असे आपण म्हटले. मग शरीराला इंधन हवे. लेहमध्ये असताना उपवास धरू नयेत. गरम थुक्पा, भात, डाळ, तूप हे पोटभर घ्यावे. संक्रांतीचे दिवस आहेत; तिळगूळ आणि शेंगदाण्याची चिक्की बरोबर नेल्यास खिशातले उत्तम खाणे होईल. तेथील खारा लोण्याचा चहा प्रथम जिभेला विचित्र वाटतो. चार घोटांनंतर त्याचे मर्म कळते. कोरड्या हवेत तहान न लागताही शरीरातील पाणी घटते, म्हणून कोमट पाणी वारंवार प्यावे. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, क्षणभर उष्ण वाटते आणि शरीराची खरी उष्णता बाहेर निघून जाते.

आपल्याकडे रोज स्नान केल्यावाचून दिवस सुरू होत नाही. तेथे नळ गोठलेले असतात. अंग पुसून घ्यावे, आणि न्हालेच तर केस पूर्ण वाळल्यावाचून बाहेर पडू नये.

घरे तापविण्यासाठी तेथे 'बुखारी' नावाची शेगडी असते. तिचे धुराडे नीट आहे की नाही, हे पाहावे आणि निजण्यापूर्वी ती विझवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. जवळ रजई असावी, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी असावी, आणि खिडकीला बोटभर फट असावी.

धोक्याची चिन्हे

बोट, कान किंवा नाक बधिर होऊन पांढरट, मेणासारखे दिसू लागले, तर तो हिमदंशाचा आरंभ समजावा. तेथे चोळू नये, बर्फ लावू नये, शेगडीजवळ धरू नये. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. आडोशास जाऊन बोटे स्वतःच्या काखेत धरावीत. घरी पोहोचल्यावर कोमट, म्हणजे ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवावीत आणि वैद्यकीय साहाय्य घ्यावे. एकदा सैल झालेला भाग पुन्हा गोठण्याची भीती असेल, तर वाटेत तो वितळवू नये.

शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की माणूस कुडकुडतो, अडखळत बोलतो, चिडचिडतो, पाय लटपटतात. पुढे कुडकुडणे थांबते. हे सुधारल्याचे लक्षण नसून संकट वाढल्याचे आहे. ओले कपडे उतरवून त्यास कोरड्या रजईत घ्यावे, छाती व पोट प्रथम उबदार करावे, पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्यावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. लेह येथील सोनम नोरबू स्मृती रुग्णालय हे तेथील मुख्य रुग्णालय होय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

आता सासूबाईंना न्यावे की नाही? वाचक भगिनी, थंडीवर वस्त्रांनी मात करता येते. उंचीवर कोणत्याही वस्त्राने करता येत नाही. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो, आणि प्रत्येक श्वासातील प्राणवायू तितकाच कमी होतो. विमानाने गेलेला माणूस तास-दीड तासात दिल्लीहून थेट त्या हवेत जाऊन उतरतो. तेव्हा कोटाच्या दुकानात जाण्यापूर्वी सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यावे. हृदय, फुप्फुसे, रक्तदाब, रक्तातील साखर यांची तपासणी करावी आणि उंचीची गोष्ट त्यांना स्पष्ट सांगावी. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून घ्यावयाचे औषधही डॉक्टर सांगतील तरच घ्यावे.

डॉक्टरांनी संमती दिली, तर नुसत्या वयाकडे पाहून त्यांना मागे ठेवू नये. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस सर्वांनीच पूर्ण विश्रांती घ्यावी. भेटीगाठी, बाजार, मठांच्या पायऱ्या सारे नंतर. डोके दुखणे, मळमळणे, झोप न येणे ही उंचीची सामान्य लक्षणे होत. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हिवाळ्यात हवामानामुळे विमाने रद्द होतात. दोन-तीन दिवस हातचे ठेवूनच परतीचा बेत आखावा. आणि एक लहानशी गोष्ट : कोट, कानटोपी, हातमोजे मोठ्या सामानात बांधू नयेत, ते हाताशी ठेवावेत, कारण थंडीशी पहिली गाठ विमानाच्या पायऱ्यांवरच पडते.

डॉक्टरांनी नकार दिला, तर तो मानावा. मग बेत उलटा करावा : नणंदबाईंनी रजा काढून जबलपूरला यावे. भेट मायलेकींची व्हावयाची आहे. ती कोणत्या गावी होते, याला महत्त्व थोडेच आहे!

जाण्याचे ठरल्यास निघण्यापूर्वी एका रात्री सर्वांनी सारे थर चढवून गच्चीवर अर्धा तास चालून पाहावे. कोणता बूट आवळतो, कोणती बाही आखूड पडते, हे घरीच कळेल. दुलया, स्वेटरे नातलगांकडून मागून घ्यावीत. सारेच नवे विकत घ्यावयास हवे असे नाही. चौघांच्या चार जाड कोटांऐवजी तेच पैसे चांगले बूट आणि अंगालगतची वस्त्रे यांवर खर्च करावेत.

आणि सामानात जागा राहिली, तर सासूबाईंनी स्वतः शिवलेली एक गोधडी अवश्य न्यावी. लेकीच्या घरी ती कोरडी राहील, उबेला येईल. आणि पाहुणे परतल्यावरही तेथील हिवाळा सरेपर्यंत लेकीच्या अंगावर राहील.